हवाई हल्ल्यात नागरिक ठार झाल्याची बातमी कशी तपासावी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

१७ मार्च २०१७ रोजी इराकमधल्या मोसुल शहराच्या पश्चिम भागात, अल-जदीदा वस्तीतल्या एका इमारतीवर अमेरिकी विमानाने बॉम्ब टाकला. लढाईपासून जीव वाचवण्यासाठी आसपासची कुटुंबे त्या इमारतीच्या खालच्या मजल्यांवर येऊन राहिली होती. पहिल्या काही दिवसांत मृतांचा आकडा कोणी शंभर सांगत होते, कोणी दोनशेच्या वर. आठ दिवसांनी अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने त्या ठिकाणी हल्ला केल्याचे मान्य केले, आणि मे महिन्याच्या शेवटी जाहीर झालेल्या लष्करी चौकशीत १०५ नागरिकांचा मृत्यू नोंदवला गेला: १०१ त्या इमारतीत आणि ४ शेजारच्या घरात. आणखी ३६ जणांचा ठावठिकाणा लागला नसल्याचेही त्यात म्हटले होते. गच्चीवरच्या दोन नेमबाजांसाठी टाकलेल्या एका बॉम्बने एवढी इमारत कोसळली नसती, आत इस्लामिक स्टेटने स्फोटके साठवली होती, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तिथल्या रहिवाशांनी तो मानला नाही.

किती जण गेले, कोणत्या घरात, कोणत्या शस्त्राने, कोणी टाकलेल्या, आणि कोण काय मान्य करते, हे सगळे प्रश्न या एकाच घटनेत आहेत. मी या कामात आले ती २०१८ च्या हिवाळ्यात, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या स्ट्राइक ट्रॅकर या उपक्रमातून. २०१७ मध्ये इस्लामिक स्टेटविरुद्धच्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या सीरियातल्या रक्का शहरातली एकेक इमारत नेमकी कोणत्या दिवसांच्या दरम्यान कोसळली, हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शोधायचे होते, आणि १२४ देशांतल्या ३,००० हून अधिक लोकांनी घरबसल्या ते केले. नंतर मी छोट्या स्वयंसेवक गटांबरोबर घटनांच्या नोंदी तपासत राहिले. मराठीत याविषयी विचारणा करणारे विद्यार्थी आणि तरुण पत्रकार भेटतात, त्यांना दर वेळी तोंडी सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. आघाडीच्या मासिक अहवालांत आरोप फेटाळण्याची जी कारणे वारंवार दिसतात, त्यांत ‘त्या भागात त्या दिवशी आमचा हल्ला झालाच नव्हता’ आणि ‘ठिकाण व वेळ यांची माहिती अपुरी आहे’ ही दोन प्रमुख आहेत. मृत्यू घडलाच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. कित्येकदा नोंद ढिली राहिलेली असते. म्हणून तुमचा बहुतेक वेळ ठिकाण, वेळ आणि नावे यांवर जायला हवा. आपल्याकडे पंचनाम्याला पंच जागेवर उभे असतात, मोजमाप टेपने होते. इथे तुम्ही जागेवर नाही, कदाचित कधी जाणारही नाही. म्हणून प्रत्येक विधानाला ते कशावरून केले, याची खूण जोडलेली असलीच पाहिजे.

कामाला बसण्यापूर्वी जवळ असू द्या

- घटनांच्या नोंदीसाठी एक तक्ता, ज्यात प्रत्येक घटनेला स्वतंत्र क्रमांक असेल.
- मूळ फाईली ठेवण्यासाठी कूटबद्ध केलेली बाह्य डिस्क आणि तिची दुसरी प्रत.
- गुगल अर्थ प्रो (संगणकावरचे, फुकट मिळणारे), ओपनस्ट्रीटमॅप, विकिमॅपिया आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे दाखवणारे कोपर्निकस ब्राउझर.
- चित्राचा उलट शोध घेण्यासाठी गुगल, यांडेक्स आणि टिनआय. चित्रफितीचे तुकडे करून शोधण्यासाठी इनव्हिड.
- सूर्याची दिशा व सावली काढण्यासाठी सनकॅल्क.
- वाचायला दोन दस्तऐवज: संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि बर्कली विद्यापीठाने २०२० मध्ये काढलेला बर्कली प्रोटोकॉल, जो खुल्या डिजिटल स्रोतांच्या तपासासाठी आहे, आणि संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीसाठीचा २०१६ चा मिनेसोटा प्रोटोकॉल.
- अरबी (अफगाणिस्तानासाठी दरी किंवा पश्तो) वाचणारा एक तरी सहकारी.

शेवटची गोष्ट नसेल तर काम सुरू करू नका. यंत्राचे भाषांतर तुम्हाला बातमीचा विषय सांगेल, पण ‘त्याच्या भावाच्या घरात’ आणि ‘त्याच्या घरात, भावासह’ यांतला फरक त्यात हरवतो, आणि इथे त्या फरकावर मृतांची संख्या बदलते.

१. एका घटनेसाठी एकच नोंद उघडा

घटना म्हणजे एका ठिकाणी, एका वेळी झालेला हल्ला. एकाच रात्री एका वस्तीत तीन घरे पडली असतील तर त्या तीन घटना असू शकतात, किंवा एकही असू शकेल. सुरुवातीला त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि पुरावा मिळाल्यावर जोडाव्यात. नवखे लोक उलट करतात. ते आधी सगळे एकत्र टाकतात, आणि मग त्यातले दुवे सोडवता येत नाहीत.

नोंदीत ‘स्रोतात काय म्हटले आहे’ आणि ‘आमचे मत’ हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. स्रोताचे शब्द मूळ लिपीतच उतरवा, भाषांतर शेजारी द्या.

२. आधी जपा, मग वाचा

२०१७ च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर हटवण्यासाठी यंत्राधारित पद्धत लावली, तेव्हा सीरियातल्या युद्धाच्या असंख्य चित्रफिती काही दिवसांत नाहीशा झाल्या. सीरियन आर्काइव्हसारख्या गटांनी आधीच उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे त्यांतला काही भाग वाचला. त्यामुळे दुवा मिळाला की तो आधी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा, चित्रफीत उतरवून घ्या, संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि फाईलचा शा-२५६ हा अंकी ठसा काढून तक्त्यात लिहा. पुढे कधी कोणी ‘ही फाईल तुम्ही बदललीत’ असे म्हटले तर हा ठसा तुमच्या बाजूने बोलेल. मूळ फाईलवर काम करू नका. तिची प्रत काढून त्या प्रतीवर करा.

फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या छायाचित्रांतून कॅमेऱ्याने भरलेली वेळ व ठिकाणाची माहिती सहसा पुसली गेलेली असते. ती नाही म्हणून छायाचित्र खोटे ठरत नाही. उलट शोध मात्र नक्की घ्या, कारण गाझा, अलेप्पो आणि मोसुल इथली चित्रे एकमेकांच्या नावाने वर्षानुवर्षे फिरत असतात.

३. वेळ: भारतात बसून होणारी हमखास चूक

समाजमाध्यमांवर संदेशाची वेळ पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. बगदाद आणि सना आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत, काबूल एक तास. रक्का २०१७ च्या उन्हाळ्यात अडीच तास मागे होते आणि हिवाळ्यात साडेतीन तास, कारण सीरियात तेव्हा ऋतूनुसार घड्याळ बदलत असे. म्हणजे मोसुलमध्ये रात्री ११ वाजता टाकलेला संदेश पुण्यात दुसऱ्या दिवशीचा मध्यरात्रीनंतरचा दीड दाखवतो. पहिल्याच महिन्यात मी अशा एका हल्ल्याच्या लागोपाठच्या दोन तारखांना दोन नोंदी केल्या होत्या, आणि दोन्हींत तेच मृत होते. तेव्हापासून मी तक्त्यात वेळेचे तीन रकाने ठेवते: स्थानिक, भारतीय आणि जागतिक प्रमाणवेळ. लष्कराच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे पहाटे २ वाजता मोसुलमध्ये झालेला हल्ला त्यांच्याकडे आदल्या दिवशी रात्री ११ चा म्हणून सापडतो.

भाषेतही एक खोच आहे. अरबीत ‘लैलत अल-जुमुआ’, म्हणजे शब्दशः शुक्रवारची रात्र, ही गुरुवारी सूर्यास्तानंतर सुरू होणारी रात्र असते. आपण शुक्रवारची रात्र म्हणतो ती शुक्रवारचा दिवस मावळल्यावरची. अशा एका शब्दाने नोंद चोवीस तास सरकते. तसेच साक्षीदार घड्याळापेक्षा नमाजाच्या वेळा सांगतात: ‘फज्रच्या आधी’ (फज्र म्हणजे पहाटेचा नमाज), ‘मगरिबनंतर लगेच’ (मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरचा). त्या दिवसाची, त्या शहराची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ काढून या शब्दांचे तासांत रूपांतर करा. रक्काची लढाई ६ जून २०१७ रोजी रमजानात सुरू झाली, त्यामुळे त्या पहिल्या आठवड्यांतल्या बातम्यांमध्ये ‘सहरीच्या वेळी’ असे आले तर ती पहाट समजावी.

अमेरिकी कागदांत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, हेही विसरू नका. ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची गल्लत मी अनुभवी लोकांकडूनही झालेली पाहिली आहे.

४. ठिकाण: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

बातमीत सहसा वस्तीचे नाव असते आणि एखादी खूण. अरबी बातम्यांतले चार-पाच शब्द ओळखायला शिका: ‘हय्य’ म्हणजे वस्ती, ‘शारिअ’ म्हणजे रस्ता, ‘दवार’ म्हणजे चौकातले वर्तुळ, ‘जामिअ’ म्हणजे मोठी मशीद. ‘इमारत’ आणि ‘मयत’ हे शब्द तर आपल्याकडेही अरबीतूनच आलेले आहेत, ते कानावर पडताच ओळखू येतात. गावांची नावे मात्र फसवी असतात. एकाच नावाची गावे एकाच प्रांतात दोन-तीन निघतात, आणि एकच नाव रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहिले जाते. म्हणून नेहमी अरबी लिपीतले नाव धरून शोध घ्या. विकिमॅपियावर स्थानिक लोकांनीच दुकाने, शाळा, पाण्याच्या टाक्या यांची नावे भरलेली असल्याने तिथे जे सापडते ते इतर नकाशांवर सापडत नाही.

मग चित्रफितीकडे या. माझी पहिली चित्रफीत चाळीस सेकंदांची होती. कॅमेरा ढिगाऱ्यावरून उजवीकडे फिरतो, एक वाकलेले लोखंडी दार दिसते, त्यामागे तीन मजली घर, त्याच्या गच्चीवर दोन टाक्या, एक उभी आणि एक आडवी, आणि अगदी शेवटच्या दोन सेकंदांत दूरवर मिनाराचे टोक. ढिगाऱ्याकडे पाहून ठिकाण कळत नाही, कारण ढिगारे सगळे सारखेच दिसतात. जे उभे राहिले आहे त्यावरून ते कळते. मी प्रत्येक चौकट वेगळी काढून त्या जोडल्या, एक लांबट पट तयार केला, आणि मिनार, तीन मजली घर आणि ढिगारा यांच्यातला कोन कागदावर काढून तो कोन नकाशावर कुठे बसतो हे पाहत गेले. दोन संध्याकाळी गेल्या. उभी-आडवी टाकीची जोडी वरून पाहताना एक गोल ठिपका आणि एक लांबट पट्टी अशी दिसते, हे ध्यानात आले तेव्हा गच्ची सापडली.

ठिकाण ठरल्यावर अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, निदान पाच दशांश स्थळांपर्यंत. तिसऱ्या स्थळावरचा एक अंक चुकला तर उत्तर-दक्षिण सुमारे ११० मीटरचा फरक पडतो, आणि दाट वस्तीत ११० मीटर म्हणजे वेगळी गल्ली. अक्षांश आधी, रेखांश नंतर, हा क्रम कधीही मोडू नका. लष्कर स्वतःची जाळीपद्धती वापरते, जिच्यात आठ अंकी संदर्भ १० मीटरपर्यंत आणि दहा अंकी संदर्भ १ मीटरपर्यंत नेमका असतो. लष्कराला नोंद पाठवताना तुमचे आकडे या पद्धतीतही बदलून द्या. रूपांतराची साधने फुकट मिळतात.

ठिकाण इमारतीपर्यंत ठरले नाही, तर ‘वस्तीपर्यंत’ किंवा ‘गावापर्यंत’ असे स्पष्ट लिहा. वस्तीच्या मधोमध खूण करून तिचे पाच दशांश आकडे देणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण पुढचा वाचक तो बिंदू खरा धरतो आणि लष्कर त्या बिंदूवर हल्ला नव्हता म्हणून प्रकरण बंद करते.

५. उपग्रहाच्या चित्रावरून आधी आणि नंतर

गुगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर जाऊन जुनी चित्रे पाहता येतात. इमारत अखंड दिसणारी शेवटची तारीख आणि कोसळलेली दिसणारी पहिली तारीख, या दोन्ही तक्त्यात लिहा. हल्ला या दोन तारखांच्या दरम्यानचा. मधली पोकळी मोठी असेल तर सेंटिनेल-२ ची चित्रे पाहा. तो दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यामुळे मोठी इमारत कोसळलेली कळते, एका घराच्या छताला पडलेले भोक कळत नाही. चित्रात नुकसान दिसले नाही म्हणून हल्ला झाला नाही, असे लिहू नका. छतातून आत जाऊन फुटलेला लहान बॉम्ब वरून जवळजवळ अदृश्य असतो.

सावलीनेही नवखे फसतात. एका चित्रात इमारत उंच आणि दुसऱ्यात बुटकी दिसली, तर दोन्ही चित्रांतला महिना आणि वेळ आधी पाहा. हिवाळ्यातली लांब सावली आणि जूनमधली आखूड सावली यांतून पडझडीचा भास होतो.

६. नावे आणि आकडे

इथे घाई करू नका. प्रत्येक माणूस एकदाच मोजला जावा, आणि कोणी सुटू नये, या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या आहेत.

अरबी नावाची घडण मराठी माणसाला लवकर कळते: स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे किंवा घराण्याचे. अडचण अशी की तोच माणूस एका यादीत पूर्ण नावाने, दुसऱ्या यादीत वडिलांच्या नावाशिवाय आणि तिसरीत ‘अबू’ लावून थोरल्या मुलाच्या नावाने येतो. आपल्याकडे शेजारपाजारी जशी ‘बाळूची आई’ म्हणून बाई ओळखली जाते, तशी तिथे ‘उम्म’ लावून तिची ओळख होते, आणि पुष्कळ याद्यांत बायकांची नावे येतच नाहीत, फक्त ‘अमक्याची पत्नी आणि तीन मुले’. याद्या शेजारी ठेवून वय, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि घराचा पत्ता यांवरून जुळवणी करा. दोन नावे एकाच माणसाची वाटली पण खात्री झाली नाही, तर ती जोडू नका. दोन्हींवर ‘कदाचित एकच’ अशी खूण ठेवा आणि किमान आकड्यात त्यांना एक, कमाल आकड्यात दोन धरा.

प्रत्येक नोंदीत किमान आणि कमाल असे दोन आकडे असावेत. किमान म्हणजे विश्वासार्ह स्रोतांतून जेवढे नक्की धरता येतात तेवढे नागरिक. स्त्रिया, मुले, पुरुष आणि जखमी यांचे रकाने वेगळे. जखमींकडे पंधरा दिवसांनी पुन्हा वळा, कारण त्यांतले काही रुग्णालयात दगावलेले असतात आणि ती बातमी कोणी जुन्या घटनेला जोडत नाही.

‘शहीद’ हा शब्द पाहून कोणतेही अनुमान काढू नका. सीरिया आणि इराकमध्ये बॉम्बखाली गेलेल्या लहान मुलालाही शहीद म्हणतात आणि लढताना मेलेल्यालाही. तरुण पुरुष म्हणजे लढवय्या, हेही गृहीत धरू नये आणि प्रत्येक पुरुष नागरिकच, हेही नाही. समाजमाध्यमांवर त्याच्या मित्रांनी टाकलेली श्रद्धांजली, गणवेशातले छायाचित्र, कोणत्या गटाने शोक व्यक्त केला, हे पाहा. काहीच न मिळाल्यास ‘स्थिती अज्ञात’ हा रकाना त्याच्यासाठीच आहे.

रक्काच्या बाबतीत अ‍ॅम्नेस्टी आणि हवाई हल्ल्यांतल्या नागरी मृत्यूंच्या नोंदी ठेवणारी लंडनची एअरवॉर्स ही संस्था यांनी एप्रिल २०१९ मध्ये एकत्रितपणे मांडलेला आकडा १,६०० हून अधिक नागरिकांचा होता. त्यांतल्या एक हजारांहून अधिक मृतांची नावे त्यांनी गोळा केली होती, आणि ६४१ नावे प्रत्यक्ष शहरात जाऊन पडताळली होती. आघाडीने तोवर मान्य केलेला आकडा १५९ होता. मोठा आकडा टिकला तो त्या ६४१ सारख्या, दारोदार जाऊन पक्क्या केलेल्या नावांच्या आधारावर.

७. हल्ला कोणाचा आणि शस्त्र कोणते

आकाशातून आले म्हणजे विमानच, असे नसते. रक्कात अमेरिकेने हवाई हल्ल्यांबरोबर सुमारे ३०,००० तोफगोळे डागल्याचे सांगितले आहे. विमानाचा आवाज आला का, स्फोट एक की ओळीने अनेक, खड्ड्याचा आकार, भिंतींवरचे ओरखडे कोणत्या बाजूचे, या साऱ्यांची जुळणी करावी लागते, आणि शस्त्राविषयीचे शेवटचे मत जाणकाराचेच घ्यावे.

बॉम्बच्या अवशेषांचे छायाचित्र मिळाले तर त्यावरचा धातूचा पत्रा आणि त्यावर कोरलेली अक्षरे पाहा. अमेरिकी बनावटीच्या भागांवर उत्पादकाचा पाच अक्षरी-अंकी संकेत असतो. ९ ऑगस्ट २०१८ रोजी येमेनच्या सादा प्रांतात दह्यान इथे शाळकरी मुलांच्या बसवर हल्ला झाला, ४० मुले गेली. तिथल्या तुकड्यांवरच्या अशा खुणांवरून तो बॉम्ब अमेरिकेत बनलेला असल्याचे कळले. पण लक्षात ठेवा, बॉम्ब अमेरिकी होता आणि हल्ला सौदी नेतृत्वाखालील आघाडीचा. बनवणारा आणि टाकणारा हे दोन वेगळे रकाने आहेत. तिथल्या कोणालाही तुकडे उचलायला, उलटायला किंवा जवळ जाऊन पुन्हा फोटो काढायला सांगू नका. न फुटलेला भाग त्या ढिगाऱ्यात असू शकतो.

लष्कर ‘दुसरा स्फोट झाला, म्हणजे आत स्फोटके होती’ असे म्हणते तेव्हा घटनास्थळाची चित्रे त्या दाव्यासमोर ठेवून पाहावीत. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका घराच्या अंगणातली पांढरी मोटार उडवली, तेव्हा असाच दावा झाला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी अंगण पाहिले: भिंती उडालेल्या नव्हत्या, झाडेझुडपे शाबूत होती, फाटकाला एकच पोचा होता. मोटार चालवणाऱ्या माणसाच्या कार्यालयातल्या सुरक्षा कॅमेऱ्यात तो मोटारीत पाण्याचे कॅन भरताना दिसला. १७ सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक मान्य केली. मेलेले दहाही जण नागरिक होते, त्यांतली सात मुले.

८. प्रतवारी ठरवा

एअरवॉर्सची पद्धत नवख्यांना सोयीची आहे. हल्ला करणाऱ्यानेच नागरी मृत्यू मान्य केला, तर नोंद ‘पुष्ट’. दोन किंवा अधिक स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोत आणि त्या परिसरात त्या दिवशी हल्ला झाल्याची चिन्हे असली तर ‘सबळ’. एकच स्रोत असेल तर ‘दुर्बल’. वेगवेगळे स्रोत वेगवेगळ्या पक्षांना जबाबदार धरत असतील तर ‘विवादित’. मृत नागरिक नव्हतेच किंवा घटना घडलीच नाही असे पुराव्याने दिसले तर ‘वगळलेली’.

स्वतंत्र या शब्दावर जोर द्या. दहा पानांवर तीच बातमी, त्याच शब्दचुकीसह असेल, तर तो एकच स्रोत आहे. सगळ्यांत आधी कोणी लिहिले, ते शोधून काढा. आणि वगळलेली नोंद पुसू नका. ती का वगळली हे पुढच्या माणसाला दिसले पाहिजे.

९. साक्षीदार आणि तुम्ही

नव्या माणसाने मृतांच्या नातलगांना थेट संदेश पाठवू नये. एकाच आईला पाच अनोळखी लोकांनी त्याच रात्रीविषयी विचारणे हा छळ आहे, शिवाय परदेशी व्यक्तीशी बोलल्याबद्दल तिथल्या सशस्त्र गटांकडून तिला धोका होऊ शकतो. बोलणे आवश्यक असेल तर ते अनुभवी व्यक्तीने, समजून दिलेल्या संमतीने आणि सुरक्षित मार्गाने करावे. नाव कुठे आणि कशासाठी वापरले जाईल हे आधी सांगावे.

चित्रफिती पाहताना आवाज बंद ठेवा. आवाज चित्रापेक्षा जास्त काळ मनात राहतो. खिडकी लहान करा, शक्य असेल तिथे रंग काढून टाका, रात्री झोपण्यापूर्वी पाहू नका, आणि एकट्याने सलग दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. ढिगाऱ्यातली चित्रे ज्याने आधी तपासली असतील त्याने फाईलच्या नावात तशी सूचना लिहावी, म्हणजे दुसऱ्याच्या ती अचानक समोर येणार नाहीत. झोप उडाली किंवा घरच्यांवर विनाकारण चिडचिड होऊ लागली तर काम थांबवून गटाला सांगा.

१०. नोंद पुढे पाठवा आणि उघडी ठेवा

तयार नोंद एअरवॉर्ससारख्या संस्थेकडे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाकडे आणि संबंधित लष्कराकडे पाठवता येते. लष्कराला पाठवताना एकाच पानात ठिकाण दोन्ही पद्धतींत, वेळ जागतिक प्रमाणवेळेत, किमान-कमाल मृत, आधी-नंतरची उपग्रह चित्रे आणि जतन केलेले दुवे द्या. रागाचे विशेषण एकही नको. उत्तर आले नाही तर महिन्याने स्मरणपत्र द्या आणि प्रत्येक पत्राची तारीख तक्त्यात लिहा.

नकार आला तर त्याचे कारण शब्दशः उतरवून घ्या, कारण पुढचा प्रश्न त्याच कारणावर विचारायचा असतो. हल्ला नोंदलेला नाही म्हणतात, तर किती मीटरच्या परिघात आणि कोणत्या तासांत शोधले? आघाडीतल्या कोणत्या देशांच्या नोंदी पाहिल्या? अझमत खान आणि आनंद गोपाल या पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये जवळजवळ १५० ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तेव्हा पाचातल्या एका हल्ल्यात नागरी मृत्यू आढळला, म्हणजे आघाडीने मान्य केलेल्या प्रमाणाच्या ३१ पटींहून अधिक. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे माहितीच्या अधिकाराखालच्या दाव्यांतून पेंटागॉनचे १,३०० हून अधिक अंतर्गत अहवाल बाहेर आले. नेदरलँड्सच्या विमानांनी जून २०१५ मध्ये इराकमधल्या हवीजा इथल्या बॉम्ब कारखान्यावर केलेल्या हल्ल्यात किमान ७० लोक गेले होते. तो आपला हल्ला असल्याचे डच सरकारने मान्य केले नोव्हेंबर २०१९ मध्ये, चार वर्षे उलटल्यावर.

म्हणून नोंदीला ‘बंद’ असा शिक्का देऊ नका. दर सहा महिन्यांनी जुन्या नोंदी पुन्हा काढा. रक्कात लढाई संपल्यावरही स्थानिक पथके कित्येक महिने ढिगाऱ्यांतून आणि घाईने खणलेल्या सामूहिक कबरींतून मृतदेह काढत होती, आणि प्रत्येक ओळख पटली की एखाद्या जुन्या यादीतली ओळ बदलत होती. बदल करताना जुनी ओळ खोडू नका, तिच्याखाली तारीख घालून नवी ओळ लिहा: आधी ‘अज्ञात स्त्री, वय अंदाजे ३०’, आणि खाली तिचे नाव, वडिलांचे नाव, गाव, आणि हे कोणी सांगितले ते.